समोरासमोरच्या दोन काठ्या

यॉर्कच्या सौ. सिबिलअक्काला धाकट्या एमटचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावजींच्या सुतारकामाला बरकत आहे ना? मुलांना माझे मुके. इकडे मी खुशाल, डुक्कर खुशाल. मला लिहिता येत नाही हे तू जाणतेसच, म्हणून वाटेवर टेकलेले मठातले ब्रदर ऑडो हे पत्र लिहून देताहेत. दक्षिणा म्हणून माझी ताजी बिअर. (पहिला पेला झाला. कंसातला मजकूर माझा. ऑडो.)

तर अक्का, घडलं ते काठीवरून. नवी बिअर उतरली की दारावर आडवी काठी काढून टोकाला हिरव्या पाल्याची जुडी बांधायची, हा आपल्या आईपासूनचा शिरस्ता. जुडी दिसली की तहानलेला माणूस वळतो, आणि जहागीरदारांनी बिअर चाखायला नेमलेला तो वॉटकिनही येतो. तो चाखून ‘ठीक’ म्हणेपर्यंत थेंबभर विकायची सोय नाही, आणि बिअर तर चार दिवसांत आंबून जाते.

समोरच्या हॉविसने, तीच ती नाकावर माशी बसू न देणारी, त्याच सकाळी काठी काढली, आणि माझ्यापेक्षा हातभर लांब. मी काय गप्प बसणार? मी कुंपणाचा वासा जोडला. तिने गाडीची दांडी जोडली. शेवटी माझी जुडी तिच्या खिडकीत आणि तिची माझ्या. (दोघींनी एकमेकींच्या काठीवर ओले कपडे वाळत घातले होते, असं गल्लीत ऐकलं. दुसरा पेला.)

एवढ्यात वॉटकिन खेचरावरून आला, डोळे मिटून, ओठ चाटत. खेचर काठ्यांखालून गेलं, वॉटकिन काही गेला नाही. तो थेट हॉविसच्या उकिरड्यात. आम्ही दोघी धावलो. एक हात मी धरला, दुसरा तिने. खोटं कशाला बोलू, दया वगैरे काही नव्हती. जिच्या घरात तो आधी शिरणार, तिची बिअर आधी खपणार!

“अगं बयांनो, हात उपटून घेता काय?” तो कळवळला. मग रस्त्यातच बाकावर बसवून दोन्ही घरचे पेले त्याच्या हाती दिले. प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणतो कसा, “डोक्याला मार लागलाय. चांगली होती का वाईट, आठवतच नाही. परत ओता.”

ओतली. परत विसरला. दुसऱ्या दिवशीही तेच. पिंप अर्ध्यावर आलं, दारातली गिऱ्हाइकं जिभा काढून उभी, आणि बिअरला किंचित आंबूस वास यायला लागला. मला रडूच कोसळलं. नवरा गेल्यापासून ते पिंप म्हणजेच माझा संसार गं.

तेव्हा हॉविस माझ्यावर खेकसली, “रडतेस काय, मूर्खे? तो विसरला, आपण विसरलो का?” आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, “वॉटकिनभाऊ, एमटची बिअर उत्तम आहे असं तुम्ही काल म्हणालात. मी साक्षीदार!”

“आणि हॉविसचीही!” मी ओरडले.

गल्ली खदखदून हसली. वॉटकिनला मान डोलवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही पिंपं रिकामी. मग त्याने फर्मावलं, काठ्या यापुढे हातभरच. चर्चच्या पायरीवर आम्ही दोघींनी हातात हात घालून तशी शपथ घेतली. आता हॉविस मला तुझ्यासारखीच. फार चांगली बाई आहे गं. (तिसरा.)

तुझी लाडकी,
एमट

ता. क. भावजींना म्हणावं, एक काठी करून पाठवा. दिसायला हातभर, पण आतून दुसरी सरकती. ओढली की रस्त्यापलीकडे जाईल अशी. हॉविसला कळता कामा नये.

ता. क. (हा माझा. ऑडो.) यॉर्कच्या याच सुतारांना काल हॉविसबाईंनीही माझ्याकडूनच पत्र लिहून घेतलं. काठी हीच, फक्त वीतभर जास्त लांब. मी एमटबाईंना काही बोललो नाही. त्यांची बिअर खरंच उत्तम आहे. हॉविसबाईंची कशी होती ते मात्र आठवत नाही. परत जाऊन बघतो.