तात्यासाहेबांचा मोतीबिंदू आणि माझ्या गोगलगायी

१ एप्रिल
फिश टँकमध्ये एक गोगलगाय दिसली. मुगाच्या दाण्याएवढी. नव्या झाडांच्या मुळांना चिकटून आली असणार. काळजीचं कारण नाही. फुलंब्रीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. अर्ध्या तालुक्याची कीड माझ्या सल्ल्यानं मरते.

५ एप्रिल
एक नव्हती. काचेवर वरात निघाली आहे. आशा म्हणाली, काढा ते खोकं, तिथं तात्यांची खाट टाकायचीय. सासरे तात्यासाहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खुलताबादहून यायचेत. टँक हलणार नाही. मुळात तो त्यांच्यासाठीच उभा केलाय. माझ्या फवारणीनंतर त्यांची पेरूची बाग वाळली (हवामानानं. औषध चांगलं होतं). तेव्हापासून चारचौघांत म्हणतात, जावयाच्या हातानं एक जीव जगलेला दाखवा, मी टोपी काढून ठेवतो.
टोपी निघणार.

८ एप्रिल
सोयाबीनवर गोगलगायी आल्या की मी शेतकऱ्यांना सांगतो, गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून बांधाला टाका, सगळ्या त्याखाली गोळा होतात. शास्त्र सगळीकडे एकच. गोणपाटाचा तुकडा गुळात भिजवून टँकमध्ये सोडला. सकाळपर्यंत विषय संपेल.

९ एप्रिल
गूळ पाण्यात विरघळला. शेतात असं होत नाही. टँकला मुंग्या लागल्या. गप्पी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत. मला ओळखायला लागले.

९ एप्रिल, दुपार
आशानं मासे बादलीत काढून शेजारच्या सरूबाईंच्या हौदात सोडले. गुदमरत होते म्हणे. सरूबाई म्हणाल्या, लई बेस झालं भाऊ, आता आमच्याकडं डास व्हायचे नाय. त्यांना सांगितलं, ही तात्पुरती सोय आहे.

१२ एप्रिल
पाणी बदललं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, ते फेकवत नाही. जुनं पाणी कूलरमध्ये ओतलं. याला नियोजन म्हणतात. आशा म्हणते, हवेला काकवीचा वास येतोय. मला सर्दी आहे.

१६ एप्रिल
मासे नाहीत ही उलट संधीच. दुकानातून मोरचूद आणलं. चिमूटभर टाकायचं ठरवलं होतं, हात जरा मोकळा सुटला. पाणी छान निळं झालं.

१८ एप्रिल
सगळ्या मेल्या! एकूण एक! झाडंही गेली, पण ती आधीपासूनच नाजूक होती. दुकानात कडूबाला सगळा पराक्रम सांगितला. तो म्हणाला, व्हय का? मग सासऱ्याच्या पेरूला बी हेच मारलं व्हतं का? गिऱ्हाइकांशी फार बोलू नये.

१९ एप्रिल
टँक घासून धुतला, नवी झाडं लावली. आज पाण्याचा दिवस, पण कुठंतरी पाइपलाइन फुटली आणि नळ कोरडा. घरातल्या ड्रमला हात लावायचा नाही, असा आशाचा हुकूम. कूलरमध्ये पाणी भरपूर होतं. तेच भरलं. माणसाला ऐनवेळी सुचलं पाहिजे.

२५ एप्रिल
तात्यासाहेब आले. टँकसमोर खुर्ची टाकून बसवलं. डोळे बारीक करून म्हणाले, कायतरी हिरवं हिरवं दिसतंय जावईबापू. मी म्हटलं, बागच आहे. मोतीबिंदू चांगला पिकलाय, देवाची कृपा.

२६ एप्रिल
काचेवर बारीक बुडबुडे.

२७ एप्रिल
बुडबुडे चालताहेत. कूलरची जाळी काढून आत पाहिलं. लगेच परत लावली.

२८ एप्रिल
ऑपरेशन उत्तम. डॉक्टरांना विचारलं, पट्टी महिनाभर ठेवता येईल का? म्हणाले, उद्याच काढू. हल्ली डॉक्टरांना फार घाई. घरी येऊन सरूबाईंकडे निदान चार मासे मागितले. म्हणाल्या, नाय भाऊ, त्यांला पिल्लं झालीत, आता हालवायचं नाय.
मला खरंच भीती वाटतेय. एकदा, फक्त एकदा, या माणसानं मला बरं म्हणावं, एवढीच इच्छा आहे.

२९ एप्रिल
पट्टी निघाली. घरात पाऊल टाकताच तात्यासाहेब थेट टँकपाशी गेले. आत झाडांचे नुसते दांडे उरलेत. काच गोगलगायींनी भरली आहे. काही झाकणावरही चढल्यात. तात्यासाहेब नव्या डोळ्यानं बराच वेळ बघत राहिले. मी हवामानाचा विषय काढणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, यांच्यावर औषध मारलं व्हतं का? मी म्हटलं, हो. तुमच्या दुकानातलं? हो. तुमच्याच हातानं? हो.
आन् तरी जगल्या?
मी मान हलवली.
त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, टँकच्या झाकणावर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. दिलेला शब्द पाळला, हे मान्य करावं लागेल. फक्त तोंड काचेकडे होतं.