कापलेली दोन मिनिटं

आर्लिसताई,

मिनियापोलिसच्या त्या थिएटरात तू शेवटच्या रांगेत बसली होतीस, हे मला दिवे लागल्यावर कळलं. आपल्या गावच्या संपावर चार वर्षं खपून केलेल्या माझ्या माहितीपटाला लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मग एकाने विचारलं, "संपाच्या दिवशी मान खाली घालून कारखान्यात शिरणारी ती बाई कोण हो?" पडद्यावर संपकऱ्यांनी तिची हुर्यो आधीच उडवली होती. मी म्हटलं, "माहीत नाही. असेल कुणी फितूर."

बाहेर तू माझ्या हातात लिंबाच्या वड्यांचा डबा ठेवलास. "गाव अगदी गावासारखं दिसलं गं. किती वाळलीस! जेवतेस ना वेळेवर?" एवढंच बोललीस आणि बसस्टँडकडे निघालीस.

संपाच्याच संध्याकाळी तू कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं होतंस. कामावर गेलं नाही तर कंपनीचा विमा बंद होणार आणि भावजींची केमो अर्ध्यावर थांबणार. ती दोन मिनिटं मी कापली. कामगारांच्या बाजूचा पिक्चर, त्यात शंकेला जागा नको वाटली.

काल ती परत जोडली. पुढे ज्या महोत्सवात पिक्चर लागणार होता, ते म्हणतात, ढिला पडला, आता नको. मी भांडले नाही, थकलेय गं. रविवारी आपल्या गावातल्या युनियनच्या हॉलमध्ये दाखवतेय. ज्यांच्याशी तू अजून नजर भिडवत नाहीस, त्यांच्यासमोर सांगणार आहे, ही माझी बहीण.

हे पत्र टाकणार नाही. कागदावर माफी मागितली, तर तू लगेच देऊन टाकशील.

तुझी,
मर्ना