लाल रंग कुठे निघाला

४ ऑगस्ट, सोमवार

चहावाल्या काकूंनी आज माझ्या टेबलावर बाटली आदळली. "ताई, आमच्या विहिरीचं पाणी. वास घेऊन बघा." घेतला. डिझेल!

काकूंची वस्ती आमच्या गोदामांच्या पार्कच्या खालच्या अंगाला. आमच्या शोषखड्ड्यात मुरलेलं पावसाचं पाणी झिरपत त्यांच्या विहिरीला जातं. हे मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं — 'आमच्यामुळे तुमची विहीर भरते!' घ्या आता.

गोदामांच्या छपरांवरचं स्वच्छ पाणी शोषखड्ड्यात, ट्रक उभे राहतात त्या यार्डातलं तेलकट पाणी गाळटाकीत. दोन्हींच्या वाटा वेगळ्या, आणि त्या सांभाळायचं काम माझं. मग डिझेल आलं कुठून?

विहीर वापरू नका म्हणून सांगून आले, टँकर लावून दिला. वस्तीतली माणसं माझ्याशी नीट बोलली. तेच जास्त लागलं.

५ ऑगस्ट

साहेब भडकलेत. "यार्डाचा पाईप कोणीतरी चुकीच्या लाईनला जोडलाय. शुक्रवारी रिपोर्ट हवा, नावासकट. माणूस कामावर असेल तर त्याची नोकरी गेली म्हणून समजा!"

गटारांचा नकाशा शोधला. दप्तरात एकच कागद, तोही उंदरांनी कुरतडलेला. खरा नकाशा आमच्या घरी खुर्चीत बसून पेपर वाचतो — बाबा! तीस वर्षं या पार्कचे प्लंबर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण एकेक पाईप तोंडपाठ.

जेवताना विचारलं, "उद्या येता का?"

"डॉक्टरांनी चालू नको म्हटलंय."

"खुर्ची देते."

"छत्री?"

"तीही देते."

"मग आधी नाही का सांगायचं, ठमे!"

६ ऑगस्ट

यार्डात बाबा, खुर्ची, छत्री. गटाराच्या प्रत्येक जाळीत बादलीभर लाल पाणी ओतायचं आणि ते कुठे निघतं ते बघायचं, ही त्यांची जुनी रीत. रंग खायचा घेतला, नाहीतर मीच विहीर बाटवून बसायचे!

पहिली जाळी — गाळटाकीत लाल. दुसरी, तिसरी, तेच. बाबा बसल्या जागेवरून हुकूम सोडत होते. "अगं, ओत ना, देवाला दूध घालतेयस का?" ट्रकवाले थांबून नमस्कार करत होते. "काय मालक, परत ड्युटीवर?" म्हाताऱ्याची छाती अशी फुगली होती! इतके गोड दिसत होते आज.

सातवी जाळी. गेल्या आठवड्यात इथेच एका ट्रकची टाकी गळली होती. रंग ओतला. गाळटाकीत काहीच येईना. धावत शोषखड्ड्यापाशी गेले.

लाल!

परत येऊन सांगितलं. बाबांनी जाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझी चूक आहे," म्हणाले. "लिही माझं नाव."

जाळी तिथल्या तिथे बुजवली. 

७ ऑगस्ट

सकाळपासून तीनदा रिपोर्ट उघडला, तीनदा मिटला. ट्रकवाल्यांना कळेल. तो नमस्कार, ते 'मालक' — सगळं जाईल. आणि मीच ते लिहायचं!

बाबांनी मागून डोकावून पाहिलं. "तू लिहितेस, की मी जाऊन साहेबांना सांगू?"

लिहिलं. 'तत्कालीन प्लंबर' लिहून पुढे नाव. मी ताट तसंच सरकवलं, आणि हे पोटभर जेवले! वर म्हणतात, "काकूंची माफी मी मागेन. विहीर नीट उपसून घे." राग आला त्यांचा. इतकं शहाण्यासारखं वागतात की रागावताही येत नाही.

उद्या खणून तो जोड तोडायचा. मग रिपोर्ट द्यायचा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खणलं. आत प्लास्टिकचा पाईप. बाबांनी या यार्डात सगळे सिमेंटचे टाकले होते. पाईपवर बनवल्याची तारीख छापलेली — चार वर्षांपूर्वीची. बाबा तेव्हा निवृत्त होऊन घरी. कामावर मी. यार्डात पाणी तुंबलं होतं आणि ठेकेदाराला फोनवर मीच म्हटलं होतं, "जवळ जी लाईन असेल तिला जोडून टाका, नंतर बघू." नंतर बघितलंच नाही. पार विसरले.

घरी फोन लावला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"जेवता जेवता फोनवर बोलत होतीस. समोरच बसलो होतो मी."

"मग खोटं का बोललात?"

"खोटं कसलं? तेव्हा ऐकूनही टोकलं नाही, ही माझीच चूक. आणि माझी नोकरी जायला आहे कुठे, ठमे?"

रिपोर्ट फाडला. नवा लिहिला. त्यात माझं नाव.