पातेल्यातला थर्मोस्टॅट

सहकारनगर, पुणे
१९ जानेवारी २०२५

प्रिय आमोद,

तुला आणि ऋतुजाला आशीर्वाद. नाशकात थंडी कडक असेल, स्वेटर घालत जा. मी ठीक आहे. गाडीही आता ठीक आहे, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

परवा मार्केट यार्डाजवळ ती पुन्हा तापली. बॉनेटमधून वाफ, अगदी मे महिन्यात तू चालवत होतास तेव्हा आली होती तशीच. मधल्या काळात मी ती लांब नेलीच नव्हती. शंभू मेकॅनिकने रेडिएटरचे पाइप चाचपले. वरचा चटका देणारा, खालचा गार. म्हणाला, "ताई, पाणी फिरतच नाहीये. थर्मोस्टॅट अडकलाय. काढूनच टाकू, लोक तसंच चालवतात."

"लोक हेल्मेटशिवायही चालवतात," मी म्हटलं.

त्याने नवा आणला. बसवण्याआधी जुना-नवा दोन्ही मी घरी आणले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर जॅम करायला शिकवायच्या, तेव्हाचा थर्मामीटर अजून आहे माझ्याकडे. तो पातेल्यात सोडला आणि दोन्ही थर्मोस्टॅट तळाला टेकणार नाहीत असे दोऱ्याने टांगले. आत मेण असतं. ते तापून फुगलं की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. नव्यावर ८२ कोरलंय. ब्याऐंशी अंशांनंतर तो हळूहळू उघडत गेला. जुना खळखळत्या पाण्यातही मिटलेलाच. मला इतकं हलकं वाटलं की गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही.

म्हणजे मी धरून चालले होते तसं तू गाडीतलं पाणी बघायला विसरला नव्हतास. आणि मी भर रस्त्यात, ऋतुजासमोर म्हणाले, "ह्यांची गाडी होती ती. तुझ्या हातात काही टिकत नाही." तू इंजिन गार होईपर्यंत थांबलास, मला घरी सोडलंस आणि चहा न घेता गेलास. आठ महिने झाले.

अजून एक आहे. शंभूने झडपेवरचा गंज खरवडत विचारलं, "कूलंटऐवजी नळाचं पाणी कोण घालतं? त्यानेच झडप गंजून अडकलीये." मी म्हटलं, "घरातलंच कोणीतरी." घरात मी एकटीच आहे. हे गेल्यापासून दर रविवारी गाडी पुसून मी तांब्याने पाणी घालत आले. मायेने.

चूक तुझी नव्हती, माझी होती. कागदावर लिहायला सोपं गेलं. फोन मात्र सहा वेळा उचलून ठेवला.

तू आलास तर किल्ली तुझ्या हातात देईन आणि शेजारी गप्प बसेन. जमेल तितकी गप्प.

तुझ्यावर उगाच ओरडलेली,
कुसुमताई