राक्षसाचा आवाज

केंदूर, गुरुवार, १२ डिसेंबर २००२

माझ्या गेममधला राक्षस आजही जमला नाही. खेळणारा अंधाऱ्या भुयारात शिरला की तो गरजतो, "थांब, तुला खातो!" आवाज माझाच, कॉम्प्युटरवर संथ करून जाड केलेला. आठ दिवस याच्याच मागे आहे, आणि भीती वाटायच्या ऐवजी मला हसू येतं.

दुपारी वडिलांना ऐकवला. आप्पांनी जन्मभर मेंढरं राखली, कॉम्प्युटरशी त्यांना काय करायचंय? पण ऐकून लगेच म्हणाले, "खाणारा कवा सांगून येतो व्हय? लांडगा जवळ आला की मेंढरं गप व्हत्यात. गळ्यातल्या घंट्या थांबत्यात. तवा समजायचं."

मी चिडलेच. आठ दिवस राबले आणि म्हणे गप! मग खिळ्याला टांगलेली मेंढरांची जुनी घंटी काढली आणि माईकपुढे हलवून रेकॉर्ड केली. आता भुयारात ती सारखी किणकिणते. राक्षस जवळ आला की थांबते, बस. गरजणं, बोलणं सगळं पुसून टाकलं. एवढ्यानं भागेल का?

दिवेलागणीला आप्पांना पुन्हा बोलावलं. ते तंबाखू मळत बसले, पडद्याकडे लक्षही नव्हतं. घंटी वाजत होती. मग थांबली.

तंबाखू मळणारा अंगठाही थांबला. तंबाखू खाली सांडली, आणि आप्पांचा हात शेजारी काठी चाचपू लागला.

मेंढरं विकून सहा वर्षं झाली.

आवाज जमला. आप्पांना मात्र तो पुन्हा ऐकवणार नाही.