दोन्हीकडे तीच नावं

घाटंजी, मंगळवार संध्याकाळ

दवाखान्याचं नेटवर्क मी घरूनच सांभाळते. सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी लॅपटॉपवर त्याची हुबेहूब नक्कल केली, सराव खरा वाटावा म्हणून नावंही तीच ठेवली. काहून ठेवली?

आज मुद्दाम बिघाड करून पाहावा म्हणून नकलेतला, सगळे कम्प्युटर एकमेकांना जोडणारा व्हर्च्युअल स्विच डिलीट केला. लगेच दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन. "मॅडम, सगळे कम्प्युटर बंद पडले! पेशंटचे रिपोर्ट दिसून नाही राह्यले."

विंडो खऱ्या नेटवर्कची होती.

कसाबसा स्विच परत उभा केला. "तुम्ही होत्या म्हणून बरं झालं," सिस्टर म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

आता नकलेतली नावं बदलायची आहेत. दोन्ही विंडो समोर उघड्या आहेत. नक्कल कोणती, ते मले पक्कं माहीत आहे. मघाशीही पक्कंच माहीत होतं.