टाकीभर खडू

ती. सासरेबुवांना साष्टांग नमस्कार. आपली गुडघेदुखी आटोक्यात असेल अशी आशा करतो. माझी प्रकृती विचाराल तर (विचारणार नाही, तरी सांगतो) बरी नाही, आणि त्याला कारण आपलं रसायनशास्त्र.

इथल्या दुष्फेन, साबणाला फेसच न येणाऱ्या पाण्यानं केस गळून टक्कल पडायची वेळ आली, पाणी सुधारा मगच बोलवा, असं बजावून आपली लेक आपल्याकडे निघून आली. आपण फोनवर उपाय सांगितलात: बादलीत धुण्याचा सोडा घाला, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी वापरा. पण बायकोसाठी एक बादली म्हणजे अगदीच कंजूषपणा, म्हणून मी गच्चीवर जाऊन इमारतीच्या टाकीतच सोड्याचं पोतं रिकामं केलं. आपण जन्मभर मुलांना (आणि पहिल्याच भेटीत मला) शिकवलंत की मीठ विरघळतं, सोडा विरघळतो, पण कार्बोनेटांत सोडियम, पोटॅशियम, अमोनियम सोडले तर बाकीचे बहुतेक पाण्याला दाद देत नाहीत. थोरले जावई आपल्या घरात सोडियमसारखे विरघळले. मी कॅल्शियम, अजून तळाशीच आहे. तर टाकीतला सोडा पाण्यातल्या चुन्याला भेटला, आणि दोन न दिसणाऱ्या गोष्टींतून खडू निघाला! सकाळी प्रत्येक नळाला पांढरं पाणी. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा पेशंट चूळ भरता भरता पळाला. सेक्रेटरी अंगभर साबण लावून जिन्यात उभे राहून माझ्या नावानं ओरडत होते. (साबणाला एवढा फेस या इमारतीत पहिल्यांदाच आला होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.)

सभेत ठरलं की टाकी मी घासायची आणि महिनाअखेर खोली सोडायची. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. माझ्या हाती ब्रश. तिच्याशिवाय घर खायला उठायचं, आता तेही राहणार नाही. मला काही सुचत नाही.

आपला अविद्राव्य जावई

ता. क. आपली माडीवरची खोली रिकामी आहे असं ऐकतो.

ता. क. २. खोलीचं राहू द्या. टाकी उपसण्याआधी मी दोन बादल्या भरून झाकून ठेवल्या होत्या. खडू खाली बसलाय, वर निवळशंख पाणी आहे, एकदा केस धुण्यापुरतं. तिला म्हणावं, घर आहे तोवर ये. बादल्यांना मी धक्कासुद्धा लागू दिलेला नाही.